गंज का चढतो, आणि दर्याकाठच्या घरातलं लोखंड वाचवायचं कसं?

वाडीवरचा | १० मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर आहे. मध्ये केवड्याचं बन आणि एक गाडीरस्ता, बस. आई-बाबा तिथेच असतात, मी पुण्याहून जाऊन-येऊन. घराची दुरुस्ती काढली तेव्हा गेट, खिडक्यांची ग्रीलं, पडवीचे पत्रे आणि पत्र्याखालचे चौकोनी पाइप असं सगळं नवं केलं. दोनच पावसाळे झाले असतील. गेटच्या खालच्या पट्टीचे पापुद्रे नखाने निघतायत, पत्र्याला स्क्रूभोवती भोकं पडलीत आणि ग्रीलबद्दल तर विचारूच नका.

फॅब्रिकेटर म्हणतो, "ऑइलपेंटचे दोन हात जास्त मारा." शेजारचे काका म्हणतात, "दर्याकाठी लोखंड टिकायचं नाही, सागवान लाव." शाळेतलं 'लोखंड, हवा, पाणी, झाला गंज' एवढंच मला आठवतं. पण मग पुण्याच्या गॅलरीतलं ग्रील? हवा-पाणी तर त्यालाही मिळतं, आणि ते बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हापासून उभं आहे.

तर नेमकं होतं काय, हे कुणीतरी नीट सांगा. आणि मग जाड रंग, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड), स्टेनलेस, ॲल्युमिनियम, पावडर कोटिंग यातलं काय निवडावं? पावसाला महिनाही राहिला नाही.

टवाळ_टिटवी | १० मे, रात्री ९:५२

घर पुण्याला आणा. प्रश्न मिटला.

कोमट_चहा | १० मे, रात्री १०:१५

वाचतोय. डोंबिवलीला समुद्र नाही, पण आमच्या ग्रीलला कुणी ते सांगितलेलं दिसत नाही.

रसायन_मावशी | १० मे, रात्री ११:०५

शाळेचं समीकरण अर्ध्यावर थांबतं, म्हणून पुण्या-दापोलीचा फरक त्यातून कळत नाही. बरीच वर्षं नववी-दहावीला हेच शिकवलंय, तेव्हा थोडं लांबेल.

लोखंड आणि ऑक्सिजन एकाच जागी भेटून गंज होत नाही. पृष्ठभागावर एका ठिकाणी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन धातूत सोडून आयन होऊन पाण्यात उतरतात. ती जागा म्हणजे धनाग्र. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात. तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. हे ऋणाग्र. दोन्हीकडचे आयन पाण्यात एकमेकांना गाठतात आणि आधी हिरवट फेरस हायड्रॉक्साइड बनतं. त्याला आणखी ऑक्सिजन मिळाला की आपला ओळखीचा तांबूस, पाणी धरून ठेवणारा फेरिक ऑक्साइड. थोडक्यात, तुमच्या गेटवर असंख्य बारीक विद्युतघट सतत चालू आहेत आणि धातू त्यांतच खर्ची पडतोय.

आता या घटाचं मंडल (सर्किट) पूर्ण करतं ते पाणी, आणि शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक. मीठ आलं की वहन झपाट्याने वाढतं. क्लोराईड आयन आणखी एक उद्योग करतात: लोखंडावर आपोआप बसलेला पातळ संरक्षक थर ते ठिकठिकाणी फोडतात. शिवाय मीठ हवेतली वाफ ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही धातूवर न दिसणारा ओलावा टिकून राहतो. पुण्यात पाऊस थांबला की ग्रील वाळतं. तुमच्याकडे खारं वारं लागलेलं ग्रील जानेवारीतही पुरतं वाळत नसणार.

वर्गात एक प्रयोग दाखवायचे. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब, त्यात थोडं फिनॉल्फ्थॅलिन (हायड्रॉक्साइड असेल तिथे गुलाबी होतं) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड (लोखंडाचे आयन असतील तिथे निळं होतं). काही वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. कडेला हवा जास्त मिळते, म्हणून ती ऋणाग्र. मध्यभागी ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून लोखंड तिथे झिजतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांच्या नावाने हा थेंब ओळखला जातो. जिथे हवा कमी पोचते तिथेच लोखंड जास्त खाल्लं जातं, हे मुलांना पटतच नसे! स्क्रूच्या डोक्याखाली, दोन पट्ट्यांच्या फटीत, फुगलेल्या रंगाखाली नेमकं हेच चालतं.

टवाळ_टिटवी | १० मे, रात्री ११:२०

मावशी, मंडल वगैरे ठीक, पण गंजात ऑक्सिजन आणि पाणी जमा होतं म्हणजे वजन वाढतं ना? मग भंगारवाल्याला गंजल्यावर विकलेलं फायद्याचं.

रसायन_मावशी | १० मे, रात्री ११:३१

५६ ग्रॅम लोखंडाचा साधारण ८९ ग्रॅम गंज होतो, हिशेब बरोबर आहे तुझा. फक्त तो खाली गळून पडतो, आणि भंगारवाला तुझ्यापेक्षा हुशार असतो.

पूलकरी | ११ मे, सकाळी ६:१०

मी बांधकाम खात्यातून निवृत्त. मावशींनी शास्त्र सांगितलं, मी आकडे देतो.

पत्रा 'जीआय' आहे म्हणून दुकानदाराने दिला असेल, पण त्यावर जस्त किती, हे विचारलंत का? बाजारातल्या स्वस्त पत्र्यावर १२० जीएसएम असतं. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अगदी किनाऱ्यावरच्या हवेत जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. करा भागाकार. किनाऱ्यापासून दूर, कारखान्यांचा धूर नसलेल्या गावात हीच झीज २ मायक्रॉनच्या आत असते. तुमचं पुण्याचं ग्रील आणि दापोलीचा पत्रा यांतला फरक तो हाच. २७५ जीएसएमचा पत्रा मिळतो, एका बाजूला १९-२० मायक्रॉन. थोडा महाग पडतो. घ्या.

दुसरं, तयार मालाला भट्टीत बुडवून जस्त चढवतात, ज्याला 'हॉट डिप' म्हणतात, ती वेगळी गोष्ट. वितळलेलं जस्त साधारण ४५० अंशांवर असतं. ६ मिमीपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन, दीड ते तीन मिमीच्या पाइपवर ५५ मायक्रॉन थर बसतो. हायवेच्या कडेचे राखाडी खांब बघा.

फॅब्रिकेटरने जीआय पाइप आणून वेल्डिंग केलं असेल तर जोडावरचं जस्त तिथेच उडालं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची ज्योत त्याच्या कितीतरी वर. तो पांढरा धूर निघतो ते तुमचंच जस्त. तो छातीत गेला तर वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो, हेही सांगून ठेवतो.

वाडीवरचा | ११ मे, सकाळी ८:४५

मावशी, पूलकरी, दोघांचे आभार. आता एक कोडं. ग्रीलांपैकी पावसात उघडी भिजणारी बरी आहेत, आणि छज्जाखाली कोरडी राहणारी जास्त सडलीत. पत्राही खालच्या अंगाने आधी गेला. असं उलटं का?

पूलकरी | ११ मे, सकाळी ९:०२

उलटं काही नाही. उघड्या लोखंडावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. छज्जाखाली वर्षभर मीठ साचत जातं आणि धुवायला कोणी येत नाही. पाण्याच्या पाइपने, विहिरीच्या गोड्या पाण्याने, पावसाळा सोडून महिन्यातून एकदा सगळी ग्रीलं आणि पत्र्याचं पोट धुवा. रंगाच्या एका डब्याच्या किमतीत होणारं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

कोमट_चहा | ११ मे, सकाळी ९:३०

गंज येऊ नये म्हणून लोखंडावर पाणी मारा. हे बायकोला मी सांगणार नाही, तुम्हीच येऊन सांगा.

गोंयची_माई | ११ मे, सकाळी ११:१८

पूलकरी बांधकाम खात्यातले, म्हणून विचारते. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला पडला, तेव्हा आम्ही पर्वरीला राहायचो. पूल पंधरा-सोळा वर्षांचाच होता. नंतर किती वर्षं फेरीबोटीने पलीकडे जायचो, ती गर्दी अजून डोळ्यांसमोर आहे. लोक म्हणायचे, आतल्या तारा गंजल्या. काँक्रीटच्या पोटातल्या तारेपर्यंत गंज पोचतोच कसा?

पूलकरी | ११ मे, दुपारी १:४०

माई, लोक बरोबर म्हणायचे. तो पूल प्रीस्ट्रेस्ड होता, म्हणजे पोलादाच्या केबल ताणून काँक्रीटला दाबून धरलेलं. आमच्या पिढीच्या अभियंत्यांना तो पूल म्हणजे धडाच होता.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो. एवढ्या अल्कलीत पोलादावर घट्ट, अदृश्य थर बसतो आणि गंज जवळपास थांबतो. म्हणून बांधकामाला नेताना सळईवर हलका तांबूस गंज असला तरी काही बिघडत नाही, लोक उगाच घाबरतात. हा थर दोन वाटांनी जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, चुन्याशी संयोग होतो आणि पीएच ९ च्या खाली उतरतो. दुसरी, मीठ. क्लोराईड सळईपर्यंत पोचलं की पीएच कितीही असो, थर फुटतो. आणि गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. काँक्रीटला ताण सोसत नाही, ते आतून फाटतं. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबचे पोपडे पडतात आणि आतली काळी सळई दिसते, तो प्रकार हा.

साध्या सळईत गंज चढला तर आधी भेगा दिसतात, वेळ मिळतो. ताणलेली केबल वेगळी. बारीक तारांच्या जुडग्यात खड्डा पडला की तार तुटते, आणि बाहेरून काही दिसत नाही. केबल ज्या नळीत असते तिथे ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, नीट भरलं नाही, तर ओलावा आणि हवा दोन्ही आत. १९७३ च्या ठाणे खाडी पुलालाही केबल गंजण्याचा त्रास झाला.

आता वाडीवरचे, तुमच्यासाठी. घराच्या दुरुस्तीत काँक्रीट केलंत का? रेती कुठली होती? खाडीची न धुतलेली रेती असेल तर मीठ तुम्ही स्वतःच आत घातलंत. आणि सळईवर काँक्रीटचं किमान आवरण, म्हणजे 'कव्हर', किनाऱ्यावर ४५ मिमी हवं असं आपलं मानक सांगतं. गवंडी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतो आणि म्हणतो "बास की साहेब". बास नाही. कव्हर ब्लॉक ओतून घ्या.

वाडीवरचा | ११ मे, दुपारी २:०५

रेतीचं बाबांना विचारायची हिंमत गोळा करतोय.

भटका_पोलादी | ११ मे, दुपारी ३:२२

एवढ्या भानगडी कशाला? सरळ स्टेनलेस लावा आणि विसरा. घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर नकली, नाही चिकटला तर अस्सल.

स्टीलवाला_पोऱ्या | ११ मे, दुपारी ४:५०

भटका_पोलादी, माझा धंदाच रेलिंगचा आहे. चुंबकाची कसोटी इथे फसवते. स्टेनलेसच्या ३०४ जातीला चुंबक चिकटत नाही आणि २०२ लाही नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते स्वस्त पडतं आणि चकाकी तीच. गिऱ्हाईक 'एसएस' एवढंच विचारतं, समोरचा 'एसएस' देतो. किनाऱ्यावर २०२ ला पहिल्याच वर्षी चहाचे डाग पडल्यागत तांबूस ठिपके येतात. ३०४ लाही येतात, उशिरा आणि कमी. समुद्रासमोर खरं ३१६ लागतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराईडला तोंड देतं. भाव ऐकून गिऱ्हाईक परत ऑइलपेंटवर येतं.

स्टेनलेस 'गंजत नाही' हेही अर्धंच खरं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा ऑक्साइड पातळ, घट्ट आणि ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येणारा. मिठाने तो टोचला जाऊ शकतो. आणि लोखंड कापलेल्या ग्राइंडरच्या चकतीनेच स्टेनलेस घासलं तर लोखंडाचे कण वर बसतात आणि तेच आधी गंजतात. शंभरातली निम्मी तक्रार याचीच असते.

टवाळ_टिटवी | ११ मे, सायंकाळी ५:१५

आणि दिल्लीचा लोहस्तंभ? सोळाशे वर्षं उभा आहे, ना रंग ना भट्टी. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, आपण विसरलो. (दिवे घ्या.)

अवांतरपंत | ११ मे, सायंकाळी ५:४०

वाटच बघत होतो हा स्तंभ कधी येतो याची. दिल्लीची हवा कोरडी आहे, म्हणून टिकला. दर्याकाठी आणून ठेवा, मग बोलू.

रसायन_मावशी | ११ मे, सायंकाळी ७:०८

पंत, हवा कोरडी हे कारण आहेच, पण त्यावर भागत नाही. दिल्लीतलंच साधं पोलाद उघड्यावर ठेवलं तर गंजतं की. स्तंभाचं लोखंड भट्टीत काढताना चुनखडी घालत नसत, त्यामुळे खनिजातलं फॉस्फरस लोखंडातच राहिलं, आजच्या पोलादाच्या मानाने बरंच जास्त. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर पुष्कळ काम केलं. आधी थोडा गंज चढतो, मग फॉस्फरसमुळे धातूला लागून एक घट्ट थर तयार होतो आणि पुढचा गंज अतिशय मंदावतो. म्हणजे गंजानेच रक्षण केलं. कर्नाटकात कोल्लूरजवळ कोडचाद्रीच्या डोंगरावर असाच जुना लोहस्तंभ आहे, सह्याद्रीच्या धो-धो पावसात. तिथे दिल्लीची हवा नाही.

पण टिटवी, लोहारांनी फॉस्फरस मुद्दाम राखलं असं यातून ठरत नाही. आज तेवढं फॉस्फरस घातलं तर पोलाद ठिसूळ होतं, वेल्डिंगला त्रास देतं. वाडीवरच्यांच्या गेटला त्याचा उपयोग नाही.

अवांतरपंत | ११ मे, सायंकाळी ७:२५

कोडचाद्रीचं माहीत नव्हतं. तलवार म्यान.

बर्फातला_बंड्या | १२ मे, सकाळी ७:३०

टोरोंटोहून लिहितोय. इथे समुद्र नाही, तरी गाड्यांचे पत्रे खालून चाळणी होतात. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ फेकतात, ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला बसतं. गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो. गाडी मिठासकट उबदार गराजमध्ये लावली की त्याला जोर येतो. बरेच लोक दर वर्षी हिवाळ्याआधी गाडीच्या पोटाला आणि दारांच्या आत तेलाचा फवारा मारून घेतात. तेल फटींत शिरतं, पाणी शिरत नाही. फक्त दोन दिवस अंगणात तेलाचे ठिपके पडतात आणि शेजारी बघत राहतात. पूलकरींचं धुण्याचं मात्र शंभर टक्के खरं, इथे वसंतात पहिलं काम तेच.

दर्यादादा | १२ मे, सकाळी १०:०५

आमच्याकडे गेटला, पत्र्याला जळकं ऑइल चोपडतात, तेच की हे. वर्ष निघतं. पण ते विहिरीच्या बाजूला लावू नका, पहिल्या पावसात सगळं पाण्यात.

आमच्या लाँचला पाण्याखाली झिंकचे ठोकळे बोल्टने लावतो. गोदीत ओढली की ठोकळा अर्धा खाल्लेला असतो, बदलायचा. ठोकळा खाल्ला नाही तर काळजी करायची, म्हणजे तो नीट लागलेलाच नाही. नवीन पोरं ठोकळ्यावर पण रंग मारून टाकतात, मग तो कामच करत नाही.

रसायन_मावशी | १२ मे, सकाळी १०:४०

दर्यादादांचा ठोकळा आणि पूलकरींचा जीआय पत्रा, दोन्हींचं तत्त्व एकच. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून दोन्ही धातू एकमेकांना टेकून ओले झाले की जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पत्र्यावर ओरखडा पडला तरी जवळपासचं जस्त तो भाग सांभाळून घेतं. कथिलाचा मुलामा याच्या बरोबर उलट. डबा अखंड आहे तोवर छान, पण चरा पडला की कथिलापेक्षा लोखंडच आधी झिजायला लागतं.

यातूनच एक इशारा: जीआय पाइपला थेट तांब्याचा पाइप जोडू नका. तांबं लोखंड-जस्ताच्या जिवावर सुरक्षित राहतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात तांब्याचा पत्रा बाहेर आणि लोखंडी सांगाडा आत होता. मधला अडसर कुजला आणि लोखंड फुगत गेलं. १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या स्टेनलेसच्या कराव्या लागल्या.

कोमट_चहा | १२ मे, सकाळी ११:१५

पुतळे आणि गंज हा विषय निघालाच आहे तर मालवण...

अवांतरपंत | १२ मे, सकाळी ११:१७

नको रे. त्यासाठी वेगळा धागा काढ आणि तिथे मर.

बिडाची_कढई | १२ मे, दुपारी १२:५०

स्वयंपाकघरातून एक प्रश्न. बिडाचा तवा धुऊन ठेवला की सकाळी तांबूस. सासूबाई म्हणतात चिंचेने घास, आई म्हणते साबण लावूच नको. आणि विळीवर गंज असताना बोट कापलं तर धनुर्वात होतो म्हणतात, ते खरं का?

रसायन_मावशी | १२ मे, दुपारी १:३०

धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जिवाणू माती-शेणात असतात, गंजक्या खिळ्याबरोबर ते आत जातात एवढंच. चकचकीत पण मातीने भरलेल्या खिळ्यानेही होऊ शकतो. खोल जखम असेल तर इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावंच.

तवा: सासूबाईंची चिंच गंज काढते, कारण आम्ल गंज विरघळवतं. पण लगेच धुऊन, विस्तवावर पूर्ण वाळवून, पातळ तेलाचा हात देऊन धूर येईस्तोवर तापवा. तेलाचा तो कडक काळा थर हाच तव्याचा रंग. लिंबाबरोबर मीठ मात्र वापरू नका. राहिलेलं क्लोराईड दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज आणतं.

अवांतरपंत | १२ मे, दुपारी ३:०५

गंजलेल्या ग्रीलसाठी एक तोडगा: रस्ट कन्व्हर्टर. खरवडायची कटकटच नाही. गंजावर मारा, तो काळा होतो, वर रंग. टॅनिन असतं त्यात, गंजाशी मिळून काळं संयुग बनतं. आपली जुनी काळी शाई लोखंड आणि हिरड्याचीच असे, तेच रसायन.

पूलकरी | १२ मे, सायंकाळी ४:३०

पंत, रसायन बरोबर, 'कटकटच नाही' हे अमान्य. कन्व्हर्टर वरच्या थराला लागतो. पापुद्र्याखाली मीठ आणि कच्चा गंज तसाच राहिला तर रंगासकट सगळं सोलून येतं. सैल असेल ते वायर ब्रशने, ग्राइंडरने काढायचंच. मग गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं. त्यानंतर जो घट्ट तांबूस डाग उरेल त्याच्यावर कन्व्हर्टर. रंगकामाचं यश डब्यात फार थोडं असतं, घासण्यात जास्त. रंगारी घासायचे पैसे वेगळे मागतो तेव्हा द्या, आणि समोर खुर्ची टाकून बसा.

टवाळ_टिटवी | १२ मे, सायंकाळी ४:४८

रेड ऑक्साईड प्रायमर म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच ना? म्हणजे गंज येऊ नये म्हणून आपण लोखंडाला गंज फासतो?

पूलकरी | १२ मे, सायंकाळी ५:२०

या धाग्यातला तुझा पहिला कामाचा प्रश्न. हो, तोच पदार्थ, पण दळलेला आणि रेझिनमध्ये घोळलेला. तो निव्वळ आडोसा करतो, गंजाला रासायनिक विरोध करत नाही. पूर्वी पुलांना, जहाजांना शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, लावायचे. तो खरोखर गंज रोखायचा, पण शिसं विषारी म्हणून मागे पडला. आता किनाऱ्यावर झिंक फॉस्फेटचा किंवा जस्ताची पूड ठासून भरलेला इपॉक्सी प्रायमर घ्या. त्यावर इपॉक्सीचा एक मधला हात, आणि सर्वांत वर उन्हात टिकणारा पॉलियुरेथेन. नुसतं इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरट होतं.

वाडीवरचा | १३ मे, रात्री ९:१०

सगळं वाचून आई-बाबांशी बोललो. ठरलंय असं.

पावसाआधी: सैल गंज काढणे, धुणे, कन्व्हर्टर, झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर आणि वर जमेल तेवढा रंग. पत्र्याचे सडलेले स्क्रू बदलून रबरी वॉशरसकट नवे. दिवाळीनंतर: खिडक्यांना ॲल्युमिनियम, पडवीला २७५ जीएसएमचा पत्रा, आणि गेट नवीन बनवून पूर्ण झाल्यावर हॉट डिप. ३१६ चा भाव स्टीलवाला_पोऱ्याने खासगीत सांगितला, त्याबद्दल धन्यवाद आणि नमस्कार.

गेट चौकोनी पाइपचंच करू ना?

स्टीलवाला_पोऱ्या | १३ मे, रात्री ९:४५

ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लावू देऊ नका, आणि ओल्या सिमेंटचा थेट स्पर्श नको; सिमेंटची अल्कली ॲल्युमिनियमला खाते. चौकटीमागे सीलंट भरून घ्या.

पूलकरी | १४ मे, सकाळी ६:०५

चौकोनी पाइप चालेल, पण पोकळ पाइप आतून सडतो आणि बाहेरून तुम्ही रंग मारत बसता. आताचं गेट खालच्या पट्टीत का गेलं? आत पाणी साचलं म्हणून. नवीन गेटला प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना भोकं ठेवायला सांगा, आणि ती वेल्डिंगच्या आधी पाडायची. भट्टीत बुडवताना त्यांतून जस्त आत-बाहेर जातं आणि आतूनही थर बसतो. पूर्ण बंद पाइप ४५० अंशांच्या जस्तात गेला तर आतला ओलावा वाफ होऊन पाइप फुटतो, माणसं भाजतात. चांगला भट्टीवाला असा माल परत पाठवतो. बसवल्यावर खालची भोकं बुजवू नका, पाणी निघून जाऊ द्या. आणि नंतर 'कुलपाला कडी राहिली' म्हणून त्यावर वेल्डिंग करायचं नाही. कडी, बिजागऱ्या, अडसर, सगळं आधीच ठरवा.

वाडीवरचा | १४ मे, सकाळी ८:२०

भोकांचं फॅब्रिकेटरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, भोकातून पाणी जाईल ना आत." तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला.

बिडाची_कढई | १४ मे, सकाळी १०:३५

तवा झाला, आता शेवटचं. गॅस सिलिंडरखाली लादीवर तांबडं वर्तुळ उमटलंय. चिंच तिथेही चालेल?

रसायन_मावशी | १४ मे, सकाळी ११:००

लादी कुठली आहे ते आधी सांग. चकचकीत सिरॅमिक टाइल असेल तर चिंच, सायट्रिक आम्ल, काहीही चालेल. शहाबादी, संगमरवर किंवा मोझेक असेल तर आम्ल अजिबात नको. ती लादीच चुनखडीची, डागाबरोबर तिचा पृष्ठभागही जाईल आणि तिथे कायमचा खरखरीत गोल राहील.

बिडाची_कढई | १४ मे, सकाळी ११:१२

मोझेक. आणि सासूबाई लिंबू घेऊन बसल्यात. पळते.